चिरनेरच्या वाटेवर : झोळी की तंबू?

सायकलवर मुक्कामी फिरणाऱ्यांपुढे निजण्याचा प्रश्न असतोच. हॅमॉक म्हणजे बाळाच्या झोळीची थोरली बहीण. ती जेमतेम किलोभराची, तर दोघांचा तंबू दोन-तीन किलोंचा. चढावर हा फरक गुडघ्यांना कळतो.

पण निवड नुसत्या वजनावर होत नाही, जागेवर होते. पनवेलहून कर्नाळ्याच्या डोंगरापलीकडे चिरनेरला यावे. डोंगराच्या अंगाला जमीन उताराची, दगडामुळांची. पावसाळ्यानंतर ओल आणि विंचूकाट्याचे भय. तिथे झोळी बरी. दोन मजबूत झाडांत चार-पाच मीटर अंतर असावे, दोर साधारण ३० अंशांत उतरता असावा आणि निजताना अंग तिरके ठेवावे, म्हणजे पाठ वाकत नाही. मात्र डास कापडातून खालूनही चावतात आणि पहाटेचा गारवा पाठीला लागतो. म्हणून अंगाखाली चटई हवीच. उरणकडे वळलात की खाडी आणि खाचरे लागतात. तिथे जोडीची झाडे शोधत बसण्यापेक्षा तंबू बरा.

झाडाला दोर बांधण्याआधी विचारावेही. २५ सप्टेंबर १९३० रोजी याच चिरनेरच्या आक्कादेवीच्या रानात जंगलचा कायदा मोडायला गावकरी आणि आदिवासी जमले. पोलिसांच्या गोळीबारात आठ जण हुतात्मा झाले. ज्या रानाच्या हक्कासाठी माणसांनी जीव दिला, तिथल्या झाडाची साल बारीक दोरीने कापू नये. रुंद पट्टाच वापरावा. राखीव जंगलात तर परवानगीशिवाय मुक्काम नकोच.

यंदा सुट्टीत नववीतली माझी मुलगी आणि मी इथून पेण-अलिबागकडे निघणार आहोत. तिला दोन झोळ्या हव्यात, "अब्बू, प्रत्येकाची आपली खोली!" माझे मत तंबूचे. मुलगी सोबत असताना मुक्काम वस्तीजवळ हवा आणि तंबू कुणाच्याही अंगणात विचारून लावता येतो. कपडे बदलायला आडोसा मिळतो, चेन ओढली की दार बंद. अंगणात माड असतात खरे, पण माडाखाली निजणे शहाणपणाचे नाही. नारळ केव्हा पडेल सांगता येत नाही.

शेवटी ठरले ते असे : रात्री तंबू, दुपारच्या विसाव्याला एक झोळी. तिचे किलोभर ओझे मुलीच्या कॅरिअरवर. हट्ट तिचा, तेव्हा वजनही तिचेच. ती लगेच कबूल झाली.