थोडं ब्राइट कर!

आमच्या घरात नवी वस्तू आली की तिच्याविषयी माझं मत आवर्जून विचारलं जातं. ते मत घेऊन पुढं काय करायचं, हे अर्थात आधीच ठरलेलं असतं. फ्रीज, सोफासेट आणि जावई या तिन्ही बाबतींत हाच शिरस्ता होता. त्यामुळं नातवानं परवा चादरीत गुंडाळलेली एक जड पेटी आंबिवली स्टेशनवरून रिक्षात घालून आणली, तेव्हा मी चष्मा पुसून, मत तयार ठेवून बसलो.

पेटी म्हणजे गिटारचा ॲम्प्लिफायर होता. आमच्या दोन खोल्यांत त्याला जागा एकच, टीपॉय. टीपॉयवरची वर्तमानपत्रं आणि माझी औषधं खिडकीत गेली.

"जुन्या धाटणीचा आहे, आजोबा. साठ सालच्या आसपासचं डिझाइन!" नातू म्हणाला.

साठ साली मी दुसरीत होतो. म्हणजे पेटी माझ्यापेक्षा लहानच. तिला जुनी म्हणायचं तर मला काय म्हणायचं, हा प्रश्न मी गिळून टाकला.

पेटीच्या कपाळावर व्हॉल्यूम, ट्रेबल, बेस अशी तीन बटणं, प्रत्येकावर दहापर्यंत आकडे आणि बाजूला एक चिमुकला खटका: 'ब्राइट'. नातवानं गिटार जोडली आणि वाजवायला सुरुवात केली. मी डोळे मिटून, संगीतातलं कळणाऱ्या माणसाचा चेहरा करून ऐकलं आणि म्हणालो, "छान आहे. पण आवाज गोधडीतून आल्यासारखा येतोय रे. थोडं ब्राइट कर!"

उत्तर आलं नाही म्हणून डोळे उघडले. स्वयंपाकघराच्या दारात बायको दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होती. सूनबाईंनी खिडकी लावून घेतली होती. जिन्यातलं कुत्रं जिन्यात नव्हतं.

"आजोबा," नातू हळूच म्हणाला, "ब्राइट चालूच आहे. ट्रेबल दहावर आहे."

आणि मला एकदम काका आठवले.

काका म्हणजे आमच्या तरुणपणी स्टेशनबाहेर टपरीवजा दुकानात रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. आम्हा सगळ्या पोरांचे ते काका. शहाडच्या पुढं नि टिटवाळ्याच्या अलीकडं ज्या ज्या घरातला रेडिओ खरखरला, तो काकांकडं येत असे. आणि १९७४ साली आम्हा पाचसहा जणांना ऑर्केस्ट्रा काढण्याची अवदसा आठवली होती. निम्मे मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात कामाला, उरलेले बेकार. गिटार माझ्याकडं होती, कारण माझ्याकडं वेळ होता. गिटार गिब्सन नव्हे, कलकत्त्याची गिवसन. एका अक्षराचा काय तो फरक. किमतीचा फरक बोलू नये. १९७१ साली 'दम मारो दम' आलं, त्यातली गिटार भूपिंदर सिंगांनी वाजवलेली. तेव्हापासून आंबिवलीत प्रत्येक गिटारवाल्याला आपण भूपिंदर आहोत आणि फक्त ॲम्प्लिफायरमुळं अडलं आहे, असं वाटत असे. आंबिवलीत गिटारवाला मी एकटाच होतो.

लाऊडस्पीकरवाल्याकडं अहुजाचा ॲम्प्लिफायर असे, पण तो दोन माईक, गिटार आणि मधूनच हरवलेल्या मुलांची घोषणा यांत वाटला जाई. शिवाय कर्ण्यातून गिटार आली की ती सनईच्या घराण्यातली वाटे. तेव्हा काकांनी ठरवलं, पोरासाठी वेगळा ॲम्प्लिफायर बनवायचा.

काकांना गिटार वाजवता येत नव्हती. पण अमेरिकेत ज्याच्या नावाचे ॲम्प्लिफायर जगभर गाजले, त्या लिओ फेंडरलाही ती येत नसे. तोही मुळात रेडिओ दुरुस्त करणाराच. १९३८ साली कॅलिफोर्नियात फुलरटन गावी त्यानं दुकान टाकलं होतं. पुढं लंडनमध्ये जिम मार्शल नावाच्या गृहस्थानं १९६२ साली या फेंडरचाच एक ॲम्प्लिफायर उघडून पाहून आपला पहिला बनवला. हा मार्शल मूळचा ड्रमवाला. एकूण गिटारचा आवाज कसा असावा हे गिटार न वाजवणाऱ्यांनीच ठरवलेलं आहे. (लग्नाचं मेनू ठरवणारी मंडळी पहिल्या पंगतीला कधी बसतात?)

मोडीत निघालेल्या रेडिओतले दोन ईएल ८४ व्हॉल्व्ह काकांनी काढले. हेच व्हॉल्व्ह चार घालून विलायतेत व्हॉक्स कंपनी एसी ३० नावाचा सुप्रसिद्ध ॲम्प्लिफायर करत असे, हे मला फार पुढं समजलं. त्या व्हॉक्सवर 'कट' नावाचं एक बटण असतं. ते जितकं वाढवावं तितका ट्रेबल कमी होतो. सरकारी खात्यातून आलेल्या माणसानं ते बसवलं असावं.

दुकानात व्हॉल्व्हच्या उबेत काका मला शिकवत. "हे टोनचं बटण आहे ना, लोकांना वाटतं ते काहीतरी देतं. देत बित काही नाही! रेडिओचा टोन फक्त काढून घेतो. कपॅसिटरमधून बारीक आवाज गुपचूप जमिनीत सोडून देतो. बटण पूर्ण वर केलंस म्हणजे तू ट्रेबल वाढवला नाहीस, चोरी थांबवलीस."

हे तत्त्वज्ञान जुन्या पद्धतीच्या गिटार ॲम्प्लिफायरलाही लागू आहे. फेंडरच्या काही मॉडेलांत ट्रेबल, मिडल, बेस ही तिन्ही बटणं शून्यावर आणली की आवाज सपाट होत नाही, बंदच होतो. तिघांनी मिळून सगळं जमिनीत घातलेलं असतं.

आणि ब्राइट? त्याचा दाखला काकांनी आमच्या स्टेशनचाच दिला. व्हॉल्यूमचं बटण म्हणजे तिकीट तपासनीस उभा असतो ते फाटक. ब्राइट म्हणजे शेजारच्या कुंपणातलं भोक. चिमुकला कपॅसिटर असतो तो, फेंडरमध्ये बहुधा १२० पिकोफॅरडचा. भोक इतकं लहान की त्यातून फक्त बारीक पोरं निसटतात, म्हणजे ट्रेबल. व्हॉल्यूम कमी, म्हणजे फाटक अडवलेलं, तेव्हा बाहेर बघावं तर पोरंच पोरं! पण व्हॉल्यूम दहावर नेऊन फाटक सताड उघडलं की सगळी गर्दी सरळ बाहेर पडते, मग भोक असलं काय नि नसलं काय. म्हणून घरात हळू वाजवताना ब्राइट कानाला टोचतो आणि मंडपात पूर्ण आवाजात त्याचा पत्ता लागत नाही.

काकांचा ॲम्प्लिफायर गणेशोत्सवाच्या पाचव्या दिवशी मंडपात आला. ऐन वेळी अहुजाच्या फ्यूजनं मान टाकली आणि निवेदकाचा माईकही काकांच्याच पेटीत खुपसावा लागला. काका पेटीजवळ बसले, कान देऊन ऐकलं, ट्रेबल शेवटापर्यंत नेला, ब्राइट चालू केला. कर्ण्याच्या भीतीनं व्हॉल्यूम मात्र बेतानंच ठेवला. फाटक बंद, भोक उघडं!

निवेदक म्हणाला, "सुस्वागतम्!" त्यातले दोन्ही 'स' सापासारखे मंडपभर फिरले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पोरांचे कान झाकले. मी तार छेडली, तर पाटीवर खिळा ओढल्यासारखा आवाज. मी खुणा केल्या, कमी करा. काका हसून मान हलवत म्हणाले, "आता कसं खणखणीत येतंय!"

मी एकवीस वर्षांचा होतो. समोर सगळी कॉलनी, तिसऱ्या रांगेत जिच्यासाठी गिटार शिकलो ती. मी माईक ओढला आणि म्हणालो, "अहो काका, तुम्हाला ऐकू येतं का?"

मंडप खदखदून हसला. त्या संध्याकाळी आमच्या ऑर्केस्ट्राला मिळालेली ती सर्वांत मोठी दाद.

काका काही बोलले नाहीत. ट्रेबल अर्ध्यावर आणला, टेस्टर खिशाला लावला, आमचं गाणं संपेपर्यंत तिथंच बसले आणि मग उठून गेले. पुढच्या वर्षी आम्ही कल्याणहून दुसरा माणूस आणला. काका मंडपात पुन्हा आले नाहीत. मला वाटत राहिलं, म्हातारा हट्टी होता. ॲम्प्लिफायर चांगला करतो, पण त्याला आवाजातलं कळत नाही. नंतर ऑर्केस्ट्रा मोडला, काका गेले, २००९ साली कारखानाही बंद पडला. माझं मत मात्र शाबूत होतं.

ते परवा टीपॉयसमोर गेलं.

नातवानं मोबाइलवर शिट्ट्या ऐकवून माझी परीक्षा घेतली. माणसाला म्हणे वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, म्हणजे तरुण माणसाला. नातू पंधरा हजारांना "येतोय" म्हणाला. मी पाच हजारांनंतर खिडकीबाहेर बघत बसलो. मग सूनबाई मला कल्याणला तपासायला घेऊन गेल्या. तिथल्या बाईंनी कागदावर आलेख काढून दिला. डावीकडं भरड आवाज, उजवीकडं बारीक. माझी रेघ डावीकडून बरी निघाली आणि मधल्या स्टेशनानंतर कसारा घाटासारखी सरळ खाली उतरली.

"काही विशेष नाही, वयानं होतं," बाई म्हणाल्या. "वरचे आवाज आधी जातात. स, श, फ ही अक्षरं निसटतात. माणसं पुटपुटतात असं वाटतं का तुम्हाला?"

बायको गेली चार वर्षं पुटपुटते, असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो. मी आलेखाकडं बघत म्हणालो, "कधी कधी."

काका तेव्हा साठीपलीकडचे असतील. त्यांना त्या दिवशी मंडपात खरोखरच खणखणीत ऐकू येत होतं. बारीक आवाज जमिनीत सोडून देणारा कपॅसिटर साऱ्या आंबिवलीच्या रेडिओंत शोधून काढणारा माणूस. आपल्या कानातला त्याला कसा सापडणार? आणि मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं होतं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. निदान मला तरी नव्हतं. त्यांनी ट्रेबल अर्ध्यावर आणला तो कुणाच्या कानानं, हे मला आता रात्री आठवत बसतं.

कानाला यंत्र लागलं. पहिल्यांदा ऐकू आला तो पंखा. "अगं, हा पंखा करकरतोय!" मी ओरडलो.

"चार वर्षं सांगतेय," बायको म्हणाली. स्वच्छ, एकेक अक्षर सुटं.

संध्याकाळी नातवाला म्हटलं, परवासारखंच लाव, सगळं तसंच. ट्रेबल दहा, ब्राइट चालू, आवाज बेताचा. यंत्र काढून ऐकलं, गोधडी. यंत्र घालून ऐकलं आणि दोन्ही हात कानांवर गेले. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. काढलं की मी काका, घातलं की मी मंडप. नातू बिचारा तीच तार दहा वेळा छेडत राहिला.

"कुठं ठेवू, आजोबा?"

"आजीला विचार," मी म्हणालो.

बायको आली, ऐकलं, आणि ट्रेबल चारवर आणून स्वयंपाकघरात परत गेली. जाताना म्हणाली, "कुकर लावलाय, शिट्ट्या मोजा." मी मोजल्या. तीन झाल्या होत्या. ती बाहेर येऊन म्हणाली, पाच. यंत्र माझ्या हातात होतं.