आधी नळ की आधी गटार?

अंडं आधी की कोंबडी आधी, यावर तत्त्वज्ञांचं अजून एकमत झालेलं नाही. होऊ नये, त्यांना घाई नसते. पण आधी नळ की आधी गटार, यावर आपल्या नगरपित्यांचंही एकमत होत नाही आणि इथे मात्र माणसं हंडा घेऊन उभी असतात.

खरं सांगायचं तर नळाचा पक्ष जन्मतःच बहुमतात असतो. नळाचं उद्‌घाटन करता येतं. पाहुण्यांनी तोटी फिरवायची, धार आली की टाळ्या, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. गटाराचं काय करणार? झाकण उचलून ‘पाहा, पाहा, कसं झकास वाहतंय!’ असं म्हणायला कुठला पाहुणा येईल? आणि हार तरी कशाला घालायचा?

वास्तविक ही दोन सख्खी भावंडं. अभियंते असं धरून चालतात की घरात आलेल्या पाण्यातलं ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं. भुयारी गटारं असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी द्यावं, असं केंद्राच्या १९९९ च्या नियमपुस्तिकेत म्हटलं होतं. करा गुणाकार. माणशी सांडपाणी बरोबर १०८ लिटर! जपमाळेचे मणी तेवढेच. म्हणजे प्रत्येक नागरिक रोज एक माळ नाल्याला वाहतो. गटारं नसलेल्या गावांना त्याच पुस्तिकेत ७० लिटर सांगितले होते. गटार नाही ना? मग अर्धीच आंघोळ करा!

पुण्याचंच घ्या. २०१७ च्या ऑक्टोबरात ११ गावं महापालिकेत आली, ३० जून २०२१ ला आणखी २३. क्षेत्रफळात पुण्यानं मुंबईलाही मागे टाकलं आणि आम्हा पुणेकरांना एक नवीन अभिमान मिळाला. जागा नव्हती, पण ठेवून घेतला. आता जमीन एका आदेशानं शहरात येते, पाइप येत नाही. त्याला खड्डा लागतो, खड्ड्याला निविदा लागते आणि निविदेला पैसा.

इथे वाद सुरू होतो. पेठांतला माणूस म्हणतो, ‘आमच्याच नळाला करंगळीएवढी धार, त्यात हे नवे पाहुणे!’ गावातला माणूस म्हणतो, ‘अहो, पाहुणे कसले? पाहुण्याकडून कोणी मिळकतकर घेतं का?’ गंमत म्हणजे पुणं ज्या खडकवासल्याचं पाणी पितं, ते खडकवासला गावही या २३ मध्येच. यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे तुम्हीच ठरवा. फुरसुंगी आणि उरुळी देवाची तर सरळ उठून माहेरी गेली. २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

बरं, उरलेल्यांनी भांडायचं कुठे? २३ गावांच्या ग्रामपंचायती गेल्या आणि मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांचीही मुदत संपून बराच काळ प्रशासकाचा कारभार आला. सरपंच गेलेला, नगरसेवक आलेला नव्हता. तक्रार करायला माणूस एकच उरला, टँकरवाला. आणि त्याच्याशी भांडून चालत नाही, तो उद्या येणार असतो.

इथवर हसायला हरकत नाही. पण जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड, किरकटवाडी, धायरी या समाविष्ट गावांच्या भागात जीबीएसची साथ आली. चालतीबोलती माणसं हातापायांतली ताकद जाऊन अंथरुणाला खिळली, काहींना व्हेंटिलेटर लावावा लागला, काही परत आलीच नाहीत. संशयाचं बोट पाण्याकडे वळलं, तेव्हा कुठे विहिरी तपासणं, क्लोरीन टाकणं, टँकर बघणं यांना एकदम वेग आला. आधी नळ की आधी गटार, याचं उत्तर असं मिळालं. आधी आजार.

यात आपणच मागासलेले असं समजू नका. लंडनमध्ये १८५४ साली कॉलऱ्यानं हजारो माणसं गेली. पुढे गटारांची योजना तयार झाली, पण ती कोणी मंजूर करीना. मग १८५८ चा कडक उन्हाळा आला, थेम्स नदी सडली आणि तिचा वास काठावरच्या पार्लमेंटात शिरला. खिडक्यांचे पडदे ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून पाहिले. नाकं काही ऐकेनात. शेवटी खासदारांनी १८ दिवसांत कायदा केला आणि बॅझलजेट नावाच्या अभियंत्यानं ती गटारं बांधली.

तेव्हा माझी एक नम्र सूचना आहे. पाणी आणि गटारांवरची चर्चा वातानुकूलित सभागृहात ठेवूच नये. सभा ओढ्याकाठी भरवावी, टेबलावर प्यायला तिथल्याच टँकरचं पाणी ठेवावं आणि कोरम पूर्ण झाला की कोणाला उठू देऊ नये. लंडनला १८ दिवस लागले. आपली माणसं हुशार आहेत, दुपारच्या चहापर्यंत ठराव मंजूर होईल. चहासुद्धा त्याच पाण्याचा करावा म्हणजे झालं!