उसना सूर

मंडपवाल्याचे नाव मंडपाच्या झालरीवर असते आणि छापखान्याचे लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात. बँडवाल्याचे नाव मात्र ढोलाच्या कातड्यावर लिहिलेले असते, आणि वरात संपेपर्यंत त्याच्यावर टोले पडत असतात. ही वस्तुस्थिती पुष्कळ काही सांगून जाते.

माझे गाव वरणगाव. भुसावळच्या जवळचे, नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे. बाहेरच्यांना ते १९६४ साली निघालेल्या दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे ठाऊक असते. मला ते आमच्या आळीतल्या बँडमास्तरांमुळे अधिक ठाऊक आहे. पावसाळ्यात मास्तर दुसऱ्याच्या शेतावर निंदणीला जात, आणि तुळशीचे लग्न लागले की लाल डगला अंगात घालून राजासारखे दिसू लागत. त्यांची क्लॅरिओनेट मेरठच्या जली कोठी बाजारातून आलेली. देशभरच्या बँडवाल्यांची ही काशीच म्हणायची. १९५४ सालच्या 'नागिन' चित्रपटातली बीन मुळात बीन नव्हेच; कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. मास्तर तीच धून क्लॅरिओनेटवर वाजवीत. म्हणजे नकलेची नक्कल! पण वऱ्हाडी मंडळी हातरुमालाचा फणा करून भर रस्त्यात लोळण घेत, आणि खऱ्या नागाला आपल्या जातीविषयी शंका यावी असा प्रकार होई.

गावात आणखी एक बँड होता. दोन्ही मास्तर एकमेकांचे वैरी, असा आमचा लहानपणी समज होता. सुपारीवरून त्यांची भांडणे होत, ती खरीच होती. परंतु आखाजीसारखा दाट मुहूर्त आला म्हणजे एका दिवसात चार-चार लग्ने, आणि प्रत्येक यजमानाला ताफ्यात वीस माणसे हवी. माणसे आणायची कुठून? मग वैऱ्याकडूनच. क्लॅरिओनेट आणि ट्रंपेट दोन्ही बहुधा काळी पाचच्या पट्टीतली, गाणी सगळ्यांचीच सिनेमातली. त्यामुळे भुसावळचा वादक बोदवडच्या ताफ्यात उभा राहिला तरी तालमीवाचून निभून जाई. अडचण फक्त डगल्याची. उसन्या माणसाला उसना डगला, मग कुणाचे मनगट उघडे तर कुणाची बोटेही दिसायची नाहीत.

या देवघेवीचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण पक्के होते. उसन्या वादकाचे पैसे त्याच रात्री चुकवायचे. त्याने यजमानाशी पुढच्या सुपारीची गोष्ट काढायची नाही. आणि दुसऱ्याच्या ताफ्यात जे दिसेल ते तिथेच ठेवून यायचे.

या शेवटच्या नियमाची किंमत मला २०१८ च्या उन्हाळ्यात कळली. भाच्याच्या लग्नासाठी मी गावी गेलो होतो. वरातीपुढे मास्तर उभे होते, डोळे मिटलेले, बोटे भराभर फिरताहेत. एवढ्यात त्यांना ठसका लागला. क्लॅरिओनेट ओठांवरून खाली आली; पण सूर थांबला नाही! तो दुसऱ्या रांगेतून येत होता. तिथे एक पोरगेलासा वादक मान खाली घालून वाजवीत होता. तो त्या दुसऱ्या बँडचा होता.

क्लॅरिओनेटची चोच वरच्या पुढच्या दातांवर टेकावी लागते. मास्तरांचे ते दात आदल्या वर्षी गेले होते. कवळी बसवून पाहिली, पण वाऱ्यावर ताबा राहीना. लोक बँड ठरवीत ते मास्तरांचे नाव पाहून. ते मागे सरले असते, तर ताफ्यातल्या माणसांची चूल विझली असती. म्हणून बोटे मास्तरांची आणि श्वास दुसऱ्याचा, असा सबंध हंगाम चालला होता. पंचक्रोशीतल्या साऱ्या बँडवाल्यांना हे माहीत होते. एकाही यजमानाला नव्हते.

वरात संपल्यावर मी त्या दुसऱ्या मास्तरांना हळूच विचारले, "तुमचा उत्तम वादक तुम्ही यांना देता. मग तुमचं कसं?"

ते विडी पेटवीत म्हणाले, "माह्यं मी पाह्यतो, सर. आज त्याचे दात गेले. उद्या माह्ये जातीन."

त्यांचे दात शाबूत राहिले, पण दुसरेच काही गेले. अगोदरच डीजेच्या भिंतींनी बँडची निम्मी लग्ने पळवली होती. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासूनचा. परंतु दहा वाजेपर्यंत ढोल-ताशाने त्या भिंतींशी कशी झुंज द्यावी? त्यात मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. त्या वर्षीची आखाजी एप्रिलअखेर होती, ती मुकी गेली. दुसऱ्या मास्तरांनी वाद्ये मोडीच्या भावाने विकली.

पुढे लग्ने पुन्हा सुरू झाली, तेव्हा आमच्या मास्तरांनी त्यांना घरी बोलावले आणि ताफ्याचा हिशेब त्यांच्या हाती दिला. तो पोरगा आता पहिल्या रांगेत वाजवतो. मास्तर शेजारी झांज घेऊन उभे राहतात. झांजेला दात लागत नाहीत. दुकानाच्या पत्र्याच्या पाटीवर आता दोन्ही बँडांची नावे आहेत. दुसरे थोडे दाटीवाटीने लिहिले आहे इतकेच.

मी साहित्य शिकवतो. आमच्या क्षेत्रात दुसऱ्याचा सूर आपला म्हणून मिरवणारे पुष्कळ भेटतात. आपला सूर दुसऱ्याच्या नावावर वाजू देऊन वर त्याची वाच्यता न करणारे मात्र मला अजून वरणगावच्या वरातीतच भेटले आहेत.