या आठवड्याचं भूत

‘आहट’ चांगली मालिका होती की वाईट, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, कुठला भाग? अशा मालिकेला एकच उत्तर नसतंच. कौटुंबिक मालिकेतली सून एकदा आवडली की चार आठवडे ती नुसती जिन्यावरून उतरत राहिली तरी आपण चालवून घेतो. भुताच्या मालिकेत तशी सोय नाही. दर वेळी नवं घर, नवी माणसं, नवं भूत. ओळख पहिल्यापासून करून घ्यायची आणि थोड्याच वेळात त्या माणसांची काळजी वाटायला लागली पाहिजे. काळजीच वाटली नाही तर भीती कुठून वाटणार?

केबल बेळगावात घरोघर आली तेव्हाची ही गोष्ट. 1993 मध्ये ‘द झी हॉरर शो’ सुरू झाला, रामसे बंधूंचा. 1995 मध्ये सोनीवर ‘आहट’ आली, बी. पी. सिंग यांची. त्यांनीच पुढे 1998 मध्ये ‘सीआयडी’ आणली. आमच्याकडे जेवणं दिवेलागणीच्या आत उरकलेली, स्वयंपाकघर बंद. शेजारच्या वैनींच्या पोळ्या चाललेल्या असायच्या तेव्हा आम्ही मोकळ्या. रात्री त्याही आवरून यायच्या. सासूबाई भिंतीला टेकून जपमाळ हातात घेऊन बसायच्या आणि म्हणायच्या, “अग, आपल्यात भूत-पिशाच म्हणजे व्यंतर देव की. त्यांचं त्यांना आयुष्य आहे. ते कशाला कुणाचं दार वाजवत बसतील?” एवढं म्हणून भाग संपेपर्यंत उठायच्या मात्र नाहीत.

रामसेंचा हिशेब सरळ होता. त्यांच्या वडिलांनी काढलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा सिनेमा पडला, पण त्यात पृथ्वीराज कपूर विद्रूप मुखवटा घालून चोरी करायला येतात तेवढ्या प्रसंगासाठी लोक येत होते. मुलांनी ते बरोबर हेरलं. पुढे ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’ वगैरे आले. टीव्हीवरही तोच बाज : धूर, कडाडणारी वीज, आणि शेवटी चेहरा दाखवायचाच. काही वेळा मजा यायची. पण एकच गोष्ट आठवड्यामागून आठवडे चालायची, आणि तोच चेहरा तिसऱ्यांदा दिसला की वैनी म्हणायच्या, “आज ह्यानं दाढी नीट चिकटवली नाही बघ.” भुतावर असं बोलता यायला लागलं की त्याचा धंदा बसलाच म्हणायचा.

‘आहट’च्या सुरुवातीच्या कित्येक भागांत भूत नसायचंच. खून असायचा, संशय असायचा, दाराबाहेर पावलं वाजायची. मला ते भाग आजही जास्त चांगले वाटतात. त्यांतला माणूस आपल्या गल्लीत राहील असा होता. नंतर भुतांची मागणी वाढली असावी. दर आठवड्याला नवं भूत कुठून आणायचं? मग बाहुली झाली, आरसा झाला, लिफ्ट झाली. एखादा भाग असा यायचा की रात्री मोरीचा दिवा बंद करायला नको वाटायचं, आणि पुढच्याच आठवड्यात मांत्रिक ओरडतोय आणि आम्ही शेंगा फोडत बसलोय.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. पडलेल्या भागांत बहुतेक वेळा भूत बाईचंच असायचं. पांढरी साडी, मोकळे केस. तिला कुणी तरी मारलेलं असायचं, नवऱ्यानं, सासरच्यांनी, जमीनदारानं. ती गोष्ट दोन मिनिटांत फिक्या रंगात उरकायची. उरलेला सगळा वेळ तिला घाबरायचं, आणि शेवटी तिला बाटलीत नाही तर विहिरीत बंद केलं की सुटकेचा श्वास टाकायचा.

त्या वर्षांत आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून एक सून स्टोव्ह भडकून गेली. बावीस-तेवीस वर्षांची असेल. हळदीकुंकवाला एकदा भेटली होती, हातावरची मेंदी उतरायची होती अजून. लोक हळू आवाजात जे बोलायचे ते बोलले आणि गप्प झाले. महिन्याभरात त्याच घराबद्दल मुलांत कुजबुज सुरू झाली की रात्री तिथं बाई दिसते. माझा मुलगाही सांगत आला. मी त्याला विचारलं, “दिसली तर ती तुला काय करणार रे? तिला काय झालं ते विचारलंस का कुणाला?” त्याला काही उमजलं नाही, वयच नव्हतं. पण त्या आठवड्यात टीव्हीवर पांढऱ्या साडीची बाई आली तेव्हा मी बंद करून टाकला. वैनी काही बोलल्या नाहीत. सासूबाईसुद्धा नाहीत. त्यांनी माळ मात्र पुन्हा पहिल्या मण्यापासून धरली.

चांगल्या भागात हे उलटं असतं. ती बाई आधी माणूस म्हणून भेटते, मग मरते. म्हणून घाबरायला होतं ते तिला नाही, घरातल्या जिवंत माणसांना. रत्नाकर मतकरींची ‘गहिरे पाणी’ मराठीत आली तेव्हा हा फरक मला नीट कळला. ‘अलबत्या गलबत्या’ लिहिणारा हाच माणूस, हे नवल वाटायचं. त्यांच्या गूढकथांत माणसाच्या मनातलं काही तरी हळूहळू वाकडं होत जातं. तिथं मेकअपचं काम फार नाही. तिथंही सगळे भाग सारखे नव्हते, पण पडलेला भागसुद्धा कशासाठी तरी धडपडून पडलेला वाटायचा.

मुलगी हल्ली पुण्याला असते. तिनं सुट्टीत लॅपटॉपवर जुनी अमेरिकन ‘ट्वायलाइट झोन’ दाखवली, 1959 ते 1964 मधली, काळी-पांढरी. 156 भाग, त्यातले 92 एकट्या रॉड सर्लिंगनं लिहिलेले. एवढे लिहिल्यावर काही पाणचट होणारच, आणि आहेतही. गंमत म्हणजे चौथ्या वर्षी त्यांनी भाग अर्ध्या तासाचा एक तासाचा केला आणि पाचव्या वर्षी परत अर्ध्यावर आले. तासाचे भाग बघताना कारण कळतं. आमटी वाढवायला पाणी घालावं तसं झालंय. तो चष्मेवाला बँकेतला माणूस, ज्याला वाचायला वेळच मिळत नाही, त्याची गोष्ट मात्र अर्ध्या तासात अशी बसली आहे की एक वाक्य काढता येऊ नये. त्यात भूत नाही, रक्त नाही. फुटलेली काच आहे फक्त.

मुलीला सगळे भाग ओळीनं बघायचे नसतात. ती आधी कुठे तरी कोणते चांगले ते वाचते आणि तेवढेच लावते. मी मात्र ओळीनं बघते. तिनं टाळलेल्या भागांत मला दोन बरे मिळाले. एक तिला फोनवर सांगितला, तर म्हणाली, “आई, शेवट सांगू नकोस हं.” म्हटलं, नाही सांगत. बघ की आज रात्री.