कारकून आणि काळा घोडा

मी बी.कॉम. आहे, बँकेत कारकून आहे आणि वसईला राहतो. यांतली एकही गोष्ट मी ठरवून केलेली नाही. त्यामुळे आमच्या कन्येने बारावीच्या निकालाआधीच ‘मी जे. जे.ला जाणार’ असं ठरवून टाकलं, तेव्हा मी जरा दचकलोच. मग वाटलं, इस्पितळाबद्दल बोलतेय. आमच्या घराण्यात डॉक्टर! पण ती जमशेटजी जीजीभॉय यांच्या नावाची दुसरी संस्था निघाली, 1857 साली सुरू झालेली चित्रकलेची शाळा. एका नावाच्या दोन संस्था, आणि आमच्या मुलीने नेमकी दुसरी उचलली.

तिला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तेव्हा बँकेत पेढे मीच वाटले होते. पण ते पेढे छंदाचे होते, पोटापाण्याचे नव्हते.

आता तोंडावर नाही म्हणणं आमच्या बँकेच्या रिवाजात बसत नाही. कर्ज द्यायचं नसलं की आम्ही गिऱ्हाइकाला आणखी एक कागद आणायला सांगतो. तसं मी म्हटलं, “रविवारी तुला काळ्या घोड्याला नेतो. कलेवर माणसं कशी जगतात ते डोळ्यांनी बघ, मग बोलू.”

माझी शाखा फोर्टात. वीस-बावीस वर्षं जेवणाची सुट्टी मी त्याच भागात घालवतो, तेव्हा पुराव्यांची मला कमतरता नव्हती. चर्चगेटला उतरून, ओव्हल मैदान ओलांडून आम्ही पोचलो, तर समोर पहिला पुरावा घोडाच! मूळचा काळा घोडा 1879 सालचा, ससून यांनी भेट दिलेला, पाठीवर राजपुत्र एडवर्ड. 1965 साली त्याची बदली झाली ती भायखळ्याला, राणीच्या बागेत. (बदलीची ऑर्डर कुणाला चुकलीय?) 2017 साली नवा घोडा आला, पण त्याच्या पाठीवर कुणीच नाही.

“जागा रिकामी आहे,” कन्या म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

मग मी तिला ‘रिदम हाउस’चं दार दाखवलं. “1948 साली निघालेलं दुकान. सगळी मुंबई इथे गाणी घ्यायला यायची. 2016 साली बंद झालं. पुढे एका हिरे व्यापाऱ्याच्या कंपनीने जागा घेतली आणि 2018 मध्ये तिच्यावर जप्ती आली.” त्या व्यापाऱ्याचं नाव आमच्या शाखेत डबा खाताना कुणी काढत नाही. स्कूटरच्या कर्जाला मी लोकांकडून दोन-दोन जामीन मागितलेले आहेत!

“तुम्ही काय काय घेतलं होतंत इथून, बाबा?”

मी आठवू लागलो. दुपारमागून दुपार मी तिथे कानाला हेडफोन लावून कुमार गंधर्व ऐकले होते. विकत घेतली एक सीडी. तीही सेलमध्ये.

“मग बंद पडणारच ना दुकान!”

याला उत्तर नव्हतं. जहांगीर कलादालनातल्या ‘सामोवार’मध्ये मात्र मी चहाचे पैसे रोख दिलेले आहेत. तेही 1964 पासूनचं, आणि 2015 साली बंद झालं, पण तो दोष निदान माझ्याकडे येत नाही.

मी पवित्रा बदलला. “इथेच वेसाइड इन होतं. कवी अरुण कोलटकर तिथे तासन् तास बसायचे. या घोड्याच्या नावाचा त्यांचा कवितासंग्रह 2004 साली निघाला, त्याच वर्षी ते गेले. एवढा मोठा कवी, पण कवितेवर घर चालत नाही.”

“मग पोटाला काय करायचे?”

“जाहिरातीत होते.”

“हिशेब लिहायला?”

“नाही, म्हणजे... चित्रकार म्हणून.”

“शिकले कुठे?”

मी रस्त्याकडे बघत म्हटलं, “जे. जे.त.”

शेवटचा पुरावा जहांगीरच्या बाहेर फुटपाथवर बसला होता. पांढरी दाढी, मांडीवर फळी, बोटं कोळशाने काळी. मी बँकेतल्या आवाजात विचारलं, “महिन्याला साधारण किती सुटतात?”

“बसा,” तो म्हणाला.

“मला चित्र नाही काढायचं.”

“मग बसूनच विचारा.”

बसलो. पण विचारायची सोय राहिली नाही. “बोलू नका, हनुवटी हलते,” म्हणाला. काउंटरपलीकडच्या माणसांना मी वीस वर्षं गप्प बसवत आलो, त्याचं सव्याज माप वीस मिनिटांत पदरात पडलं. कन्या त्याच्या पाठीमागे उभी. एकाएकी म्हणाली, “कान जरा वर गेलाय.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हाताऱ्याने चित्राकडे बघितलं, माझ्या कानाकडे बघितलं, कान पुसला आणि कोळसा तिच्या हातात दिला. “तू काढ.”

तिने काढला. तो बराच वेळ बघत राहिला. दुरुस्त काही केलं नाही.

ठरल्याप्रमाणे मी पाचशेची नोट दिली. त्याने खिशातून पन्नास काढले. मला वाटलं, सूट देतोय. पण नोट त्याने तिच्याकडे केली. “कान तुझा.”

परतीच्या गाडीत ती नोट तिने वहीत घालून ठेवली. मी सवयीने म्हणालो, “खात्यात टाकू या.” ती नुसती हसली. बोरिवली येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होतो. मग विचारलं, “त्या प्रवेश परीक्षेची फी किती आहे म्हणालीस?”

घरी हिने चित्र हातभर लांब धरून न्याहाळलं. कोण कुठे काय बोललं, यातलं तिला काही ठाऊक नव्हतं.

“बाकीचा माणूस कुणी दुसराच वाटतो,” ती म्हणाली, “कान मात्र तुमचाच आहे हो!”