पन्नाशीतले धावायचे बूट

माझ्या पायात आयुष्यभर चपला. शाळेत रबरी स्लीपर, लग्नात सोनेरी सँडल, पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या. धावायचे बूट म्हणजे मुलांचे, नाहीतर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांचे, अशीच समजूत. आता पन्नासाव्या वर्षी जांभळ्या लेसचे, जाड तळव्याचे बूट घालून मी फजरनंतर बाहेर पडते आणि मोहल्ल्यातल्या खाला खिडकीतून विचारतात, "कुठं चाललीस गो, मुंबईला?"

बूट साडेचार हजारांचे. मुलीनं घेऊन दिले. किंमत ऐकून घरच्यांचा पहिला शेरा आला, "एवढ्यात सगळ्या घराच्या ईदच्या चपला झाल्या असत्या." खरंच झाल्या असत्या. पण मला अम्मीचा पाय आठवतो. जुलै 2021 मध्ये सावित्रीचं पाणी महाडमध्ये शिरलं, ते ओसरल्यावर घराघरात चिखल राहिला. अम्मीला पंधरा वर्षांची शुगर. आठवडाभर ती स्लीपर घालून चिखल उपसत होती. पायात काच गेली ते तिला कळलंच नाही, आम्हाला दिसलं ते मोज्याएवढी सूज आल्यावर. दोन बोटं काढावी लागली.

मला शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. जाणवलं की सांगायचं. डाव्या अंगठ्याखाली टेकवला तेव्हा मी गप्प होते. रोज चालायला सांगून ते म्हणाले, "आधी पायात नीट काहीतरी घाला."

दुकानात आम्ही संध्याकाळी गेलो, कारण दिवसभरात पाय जरा फुगतात. मोजे घालून, उभं राहून बघितलं. सगळ्यात लांब बोटापुढं अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. चपलेचा माझा नंबर सहा, बूट सातचे बसले. दुकानातला मुलगा "सैल होतात आपोआप" म्हणत सहाच गळ्यात मारायला बघत होता. मुलगी ऐकेना.

पहिल्या दिवशी वाटलं, कापसावर उभी आहे. हातात घ्यावेत तर हलके, पायात घालावेत तर दीड बोट उंची वाढलेली. वळताना जरा डुलायला होतं, त्याची सवय व्हायला चार दिवस गेले. टाच मात्र दुखायची थांबली. हायवेला मी जात नाही, तिथं ट्रक कुणाला ओळखत नाहीत. आतल्या रस्त्यानं जाते. परवा पुढंमागं कुणी नाही बघून विजेच्या दोन खांबांमध्ये धावले. बुरखा एका हातानं उचलून. दम लागला, पण हसूही आलं.

एक गोष्ट मला खटकते. या जाड तळव्यातून खडी जाणवत नाही. चांगल्या पायाला ते सुख, पण ज्या पायाला आधीच कमी कळतं त्याला आणखी कमी कळणार. म्हणून घालण्याआधी बूट उलटा करून झटकते, आत हात फिरवते. तिसऱ्याच दिवशी चिंचोका निघाला. भाच्याचा उद्योग.

वुजूमुळं आपले पाय दिवसातून पाच वेळा हाताखालून जातात, ही मोठी सोय आहे. बोटांमधून बोट फिरवताना चीर, फोड लगेच कळतो. पण ओले पाय तसेच मोज्यात घातले की बोटांच्या बेचक्यांत बुरशी धरते. पुसून, कोरडे करून मगच मोजा.

पावसात जाळीचे बूट लगेच भिजतात. चुलीजवळ ठेवू नयेत, डिंक सुटतो. आतलं पातळ तळवं काढायचं, रद्दी कोंबून पंख्याखाली ठेवायचे, मध्ये एकदा कागद बदलायचा. शेवाळलेल्या फरशीवर मात्र हे बूटही घसरतात, तिथं जपूनच.

घरच्यांना एकदा घालून बघायचे होते. त्यांचा नंबर नऊ, जमलं नाही. "बरंच झालं," म्हणाले, "असले बूट मशिदीच्या दारात काढले तर नमाजेत लक्ष कुठलं?"

काल एसटीनं पोलादपूरला धाकट्या बहिणीकडं गेले. तिलाही दोन वर्षांपासून शुगर. आंबेनळीच्या चढाकडं तिचं घर, अंगणात सगळी खडी, आणि पायात अंगठा तुटून सेफ्टी पिन लावलेली स्लीपर. आधी मला खूप हसली. मग तिचे पाय पुसून मी बूट घातले तिला, लेस बांधली. मोरीपासून फाटकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"आपा, कितीला म्हणालीस?"