जपानी भेंड्या

माणसाला कोणत्या वयात कशाचा नाद लागेल, याचा नेम नाही. चाळिशी ओलांडलेल्या, महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या बाईने जपानी चित्रमालिका पाहाव्यात, हे आमच्या स्टाफरूमला अजून पचलेले नाही. "काय मॅडम, मुलांची कार्टुने पाहता?" असे कोणी विचारले की मी म्हणते, "पाहते. आणि तुम्हीही पाहा."

तशी आपली या ॲनिमेशी ओळख जुनीच. दूरदर्शनवरचा मोगली आठवतो ना? गाणे गुलजारांचे, शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. पण मालिका मूळची जपानी, १९८९ सालची. मला मात्र खरी गोडी लागली ती 'चिहायाफुरु'मुळे.

ही २०११ ची मालिका. चिहाया ही शाळकरी मुलगी 'कारुता' खेळते. हा खेळ म्हणजे आपल्या भेंड्यांची जपानी बहीणच. शंभर कवींची प्रत्येकी एक जुनी कविता. म्हणणारा सुरुवातीपासून म्हणतो. चटईवर मांडलेल्या पत्त्यांवर असतो नुसता उत्तरार्ध. जो आधी ओळखेल त्याचा पत्ता. शंभरांतल्या सात कविता तर पहिल्याच अक्षरावरून ओळखता येतात! चिहायाला कविता पाठ आहेत, पण त्यांतले मर्म तिला उमगते ते कानादे या मैत्रिणीमुळे. पाठांतर आधी, अर्थ मागाहून. आणि दोन्हींत आनंद. मोरोपंतांची आर्या शिकवताना मागच्या बाकावरून "हे परीक्षेला आहे का?" असा प्रश्न ऐकणाऱ्या मला हे पाहून काय वाटले असेल, ते सांगायला नकोच.

दुसरी मालिका मोठ्यांनी पाहायची: 'शोवा गेनरोकु राकुगो शिंजू', २०१६-१७ ची. राकुगो म्हणजे गोष्ट सांगण्याची कला. बैठकीवर गुडघे मोडून एकटा माणूस बसतो; हाती पंखा आणि हातरुमाल, आणि सगळी पात्रे त्याच्याच तोंडून बोलतात. आपला कीर्तनकार आठवतो. म्हातारा याकुमो ही कला आपल्याबरोबरच संपवायला निघालेला; आणि तुरुंगातून सुटलेला एक तरुण 'मला शिष्य करा' म्हणून दारात उभा! कला जगते की मरते, या काळजीने मी रात्री जागवल्या.

मारामारीच्या मालिकाही पुष्कळ आहेत. त्या मुले आपण होऊन शोधतात. या दोन मी सुचवते त्या एवढ्यासाठी, की जुने शब्द कोणाच्या तरी तोंडी असले तरच टिकतात, हे त्या उपदेश न करता दाखवतात. परवा चिहायाचा एक भाग संपल्यावर लेकीने सासूबाईंना विचारले, "आजी, तुला असे किती येतात?" सासूबाई पाऊण तास म्हणत होत्या. श्लोक, आर्या, ओव्या, भोंडल्याची गाणी. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारलेच नव्हते.

तेव्हा या सुटीत फराळाची ताटली घेऊन बसा. भाग पंचविसेक मिनिटांचे, म्हणजे एका चकलीला एक पुरे. मात्र घरातल्या आजी-आजोबांनाही जवळ बसवा. पुढचा खेळ त्यांच्याकडेच आहे.